बिलगावची वीज: 'स्वदेस'मधला बल्ब खरा कुठे लागला होता?

हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना मधेमधे जे 'अं' आणि 'म्हणजे' येतात ते काढलेत. बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

सुरुवात सिनेमापासून करू. 'स्वदेस' पाहिलाय ना? डिसेंबर २००४ मध्ये आला, तेव्हा थिएटरात फार चालला नाही, आणि आता दर १५ ऑगस्टला त्याच्या रील्स फिरतात. त्यातला तो प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. नासात काम करणारा मोहन गावात येतो, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी अडवतो, गावकऱ्यांना हाताशी धरून छोटं जनित्र बसवतो, आणि एका म्हातारीच्या अंधाऱ्या घरात बल्ब लागतो. सिनेमातलं गाव चरणपूर, उत्तर प्रदेशातलं. शूटिंग मात्र आपल्या वाईजवळ, मेणवलीला झालेलं. तिथल्या घाटावर आजही लोक फोटो काढायला जातात.

पण हा पाण्यावर बल्ब लावायचा उद्योग महाराष्ट्रात खरोखर झाला होता. वाईत नाही, नंदुरबार जिल्ह्यात. धडगाव तालुक्यातल्या बिलगावला, सिनेमा यायच्या आदल्या वर्षी, २००३ मध्ये. आणि २००६ मध्ये तो पाण्याखाली गेला. सिनेमा अजून नेटवर आहे, प्रकल्प तीन वर्षं टिकला. आजचा भाग त्या तीन वर्षांबद्दल, त्याच्या आधीबद्दल आणि नंतरबद्दल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी पकडेल. 'स्वदेस' म्हणजे बिलगावची जशीच्या तशी गोष्ट नाही. आशुतोष गोवारीकर यांनी टीव्हीवरच्या 'वापसी' नावाच्या एका कथेत काम केलं होतं, परदेशातून परतलेल्या तरुणाची. तिथूनही सिनेमात बरंच आलंय. बिलगावचं नाव जोडलं जातं ते एका जोडप्यामुळे. त्यांच्याकडे येऊच.

आधी जागा समजून घेऊ. नकाशात महाराष्ट्राचं वायव्येचं टोक बघा. सातपुड्याच्या रांगा, त्यांच्या उत्तरेला नर्मदा, आणि नर्मदेपलीकडे गुजरात आणि मध्य प्रदेश. या डोंगरात धडगाव. सरकारी कागदावर तालुक्याचं नाव अक्राणी, गाव धडगाव. बाहेरचे लोक धडगावच म्हणतात, मीही तेच म्हणणार. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तोपर्यंत इथल्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी थेट धुळे गाठावं लागायचं. शहाद्याहून म्हसावद करत घाट चढून धडगावला पोचायचं आणि तिथून पुढे पाड्यांकडे. वस्ती मुख्यतः भिल्ल आणि पावरा समाजाची.

आणि 'गाव' म्हणजे तुमच्या-माझ्या डोक्यातलं गाव नाही. देऊळ, चावडी, आळ्या असं एकगठ्ठा काही नसतं. ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात. एक घर या टेकडीवर, दुसरं समोरच्या. पाच-दहा घरांचा पाडा, असे अनेक पाडे मिळून एक महसुली गाव. ही रचना लक्षात ठेवा, कारण विजेच्या तारा असोत की पाण्याचे पाईप, सगळं गणित इथेच अडतं. शहरात शंभर फुटांच्या पाईपवर चाळीस फ्लॅट असतात. इथे एका घरासाठी तेवढाच किंवा त्याहून जास्त पाईप, तोही चढावर.

पावसाळ्यात इथे पाण्याला तोटा नाही. दरीदरीतून ओढे, नाले, उदईसारख्या नद्या धावत नर्मदेला मिळतात. मार्च-एप्रिल लागला की डोंगरावरच्या झऱ्यांचं पाणी आटत जातं आणि हंडा घेऊन खाली उतरायचं, भरून वर चढायचं. रिकामा हंडा उतारावर आणि भरलेला चढावर. शहरात पाणी वरून खाली येतं, इथे ते डोक्यावरून वर जातं.

आता एकदम अमेरिकेत जाऊ. कारण या गोष्टीचं एक टोक मेरीलँड विद्यापीठात आहे.

१९९१ मध्ये तिथे शिकणाऱ्या काही भारतीय विद्यार्थ्यांनी 'असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट', थोडक्यात 'एड', अशी संस्था काढली. त्यात पुढाकार होता रवी कुचिमंची यांचा. आयआयटी मुंबईतून सिव्हिलचं बीटेक, आणि मेरीलँडला भौतिकशास्त्रात पीएचडी. परदेशात गेलेल्या हुशार पोरांचं एक ठरलेलं आयुष्य असतं, माझ्या बॅचमधले निम्मे तेच जगतायत आणि त्यात वाईट काही नाही. या मंडळींनी स्टायपेंडमधून थोडे थोडे पैसे काढून भारतातल्या गावांतल्या कामांना द्यायला सुरुवात केली. मग एकेका विद्यापीठात शाखा निघत गेल्या.

नुसता चेक पाठवण्यात एक अडचण असते. पैसे कशावर खर्च होतायत हे कळतं, पण प्रश्न नेमका काय आहे ते कळत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला कुचिमंची आणि त्यांच्या पत्नी अरविंदा पिल्ललमर्री भारतात परतले आणि नर्मदा खोऱ्यातल्या कामात ओढले गेले. वीज न पोचलेल्या गावांतल्या शाळांसाठी सायकलसारखं पायडल मारून वीज तयार करायचं यंत्र त्यांनी तयार केलं. गोवारीकर या दोघांना भेटले, त्यांच्यासोबत वेळ घालवला, असं सिनेमाच्या वेळी छापून आलं होतं.

आता खोऱ्यात तेव्हा काय चाललं होतं ते सांगतो. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नर्मदेवर गुजरातेत केवडियाजवळ सरदार सरोवर धरण बांधलं जात होतं. त्याच्या जलाशयात महाराष्ट्रातली ३३ गावं येत होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. नर्मदा बचाव आंदोलन ऐंशीच्या दशकापासून लढत होतं. १९९२ मध्ये मोर्स समितीचा अहवाल आला आणि १९९३ मध्ये जागतिक बँकेचं कर्ज थांबलं. ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम पुढे न्यायला परवानगी दिली, पुनर्वसन सोबतीने करायच्या अटीवर. तिथून धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली: ९० मीटर, ९५, १००, मग २००४ मध्ये ११०.६४. प्रत्येक टप्प्याला काठावरची आणखी काही शेतं आणि घरं पाण्यात. डोमखेडीला लोक चढत्या पाण्यात उभे राहून सत्याग्रह करत होते. त्याच काळात आंदोलनाने स्वतःच्या शाळा काढल्या, जीवनशाळा. मुलांना त्यांच्या भाषेत शिकवणाऱ्या, कारण कागदावरच्या सरकारी शाळेत मास्तर बहुतेक वेळा यायचेच नाहीत.

या सगळ्या गदारोळात केरळातून दोन तरुण अभियंते आले, अनिल आणि मधू. 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी' नावाचा त्यांचा गट होता. आधी डोमखेडीत त्यांनी अगदी छोटा प्रयोग केला. मग बिलगाव.

बिलगावला नदी आहे आणि तिला नैसर्गिक धबधबा आहे. गावाला त्याचं कौतुक काही नवीन नाही, पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला. इंजिनीअर तिथे उभा राहिला की त्याला दोन आकडे हवे असतात. पाणी किती उंचीवरून पडतं आणि सेकंदाला किती लिटर पडतं. बस्स. मी कॉम्प्युटरवाला आहे, पण हे सूत्र बारावीचंच आहे: एक लिटर पाणी सेकंदाला एक मीटर खाली येत असेल तर त्यात ९.८ वॅट ताकद असते.

उंची मोजायला फार भारी यंत्र लागत नाही. गवंडी प्लिंथ लेव्हल करायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो ना, तीच घेऊन टप्प्याटप्प्याने खाली उतरलं तरी बऱ्यापैकी बरोबर उत्तर येतं. प्रवाह मोजायचा तर नदीचा एक सरळ तुकडा निवडायचा, रुंदी आणि खोली मोजायची, वर काटकी सोडायची आणि ती खाली पोचायला किती सेकंद लागतात ते घड्याळात बघायचं. काटकी पृष्ठभागावर असते, तळाचं पाणी हळू चालतं, म्हणून आलेल्या उत्तरातून थोडं वजा करायचं. आणि हे एकदा करून भागत नाही. ऑगस्टमध्ये मोजलंत तर वाटेल अख्ख्या तालुक्याला वीज देऊ. मे महिन्यात मोजायचं असतं.

बिलगावचा प्रकल्प होता १५ किलोवॅटचा. हे किती? तुमच्या बाथरूममधला गीझर साधारण दोन किलोवॅटचा असतो, म्हणजे सात-आठ गीझर. पुण्यातल्या एका मजल्यावर सकाळी सात वाजता लागतात तेवढे. पण बल्बच्या हिशेबाने बघितलं तर पाडेच्या पाडे उजळतात.

समजायला एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा उंची १० मीटर आणि प्रवाह सेकंदाला ३०० लिटर. गुणाकार केला की २९ किलोवॅटच्या थोडं वर येतं. पाईपमधलं घर्षण, टर्बाइन, जनित्र यांत निम्मं जातं असं धरा, हातात उरतात १५. सेकंदाला ३०० लिटर म्हणजे ४० सेकंदांत बारा हजार लिटरचा टँकर भरला. ऐकायला भयंकर वाटतं, पण यातला एक थेंबही खर्च होत नाही. छोटा बंधारा घालून पाणी बाजूच्या चरात वळवायचं, पाईपमधून खाली सोडायचं, टर्बाइन फिरवून झालं की पाणी परत नदीत. नदी अडत नाही, कुणाचं शेत बुडत नाही.

एक भाग मला फार आवडतो, त्यावर जरा थांबतो. अशा छोट्या जलविद्युत यंत्रांत एक गंमतशीर अडचण असते. रात्री दहा वाजता लोकांनी दिवे बंद केले की यंत्रावरचा भार कमी होतो आणि टर्बाइन सुसाट फिरायला लागतं. सुसाट फिरलं की व्होल्टेज चढतं आणि जे दोन-चार बल्ब चालू असतात ते उडतात. मोठ्या धरणात दरवाजे कमी-जास्त करून हे सांभाळतात. छोट्या ठिकाणी ते परवडत नाही, म्हणून सरळ उलटं करतात. नको असलेली वीज एका हीटरमध्ये जाळून टाकायची. किती दिवे चालू आहेत ते बघून एक छोटं सर्किट उरलेली वीज हीटरकडे वळवत राहतं. यंत्राला वाटतं भार सारखाच आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर लोड बॅलन्सर, फक्त सर्व्हरऐवजी पाण्याची टाकी तापते.

बिलगावचं काम ठेकेदाराने केलं नाही. दगड, वाळू, चर खणणं, पाईप वाहून नेणं, यात गावकऱ्यांचं श्रमदान होतं. पैशाला एडसारख्या संस्था. आराखडा केरळच्या मंडळींचा. २००३ मध्ये बिलगावच्या पाड्यांवर आणि शाळेत दिवे लागले. सरकारी खांब तोपर्यंत तिथे पोचला नव्हता.

आता नदीच्या खालच्या बाजूला काय चाललं होतं ते बघा. सरदार सरोवराची ठरलेली विद्युत क्षमता १४५० मेगावॅट. बिलगावची १५ किलोवॅट. भागाकार केला मी, जवळजवळ ९७ हजार पट. ही दोन्ही यंत्रं एकाच नदीच्या खोऱ्यात होती, आणि मोठ्याचं पाणी चढलं की धाकटं बुडणार हे नकाशावर सरळ दिसत होतं. धरण आणि बिलगाव एकमेकांपासून खूप लांब आहेत. पण जलाशय भरला की तो २१४ किलोमीटर मागे पसरतो आणि मुख्य नदीतून उपनद्यांच्या खोऱ्यांत शिरतो. उदईचं पाणी खाली जायचं, आता नर्मदेचं पाणी उलटं वर येणार.

मार्च २००६ मध्ये उंची ११०.६४ वरून १२१.९२ मीटर करायला परवानगी मिळाली. दिल्लीत मेधा पाटकर उपोषणाला बसल्या. केंद्राचे मंत्री खोऱ्यात पाहणी करायला आले. बांधकाम थांबलं नाही. त्या पावसाळ्यात बिलगावचा प्रकल्प बुडाला.

हे वाचताना मला सगळ्यात जास्त खुपतं ते पाणीवाटप. १९७९ च्या नर्मदा लवादाने चार राज्यांना २८ दशलक्ष एकर फूट पाणी वाटून दिलं. मध्य प्रदेश १८.२५, गुजरात ९, राजस्थान ०.५ आणि महाराष्ट्र ०.२५. शंभरातला एक भागही नाही. आपल्याकडच्या बातम्यांत '१०.८९ टीएमसी' असा आकडा येतो तो हाच. आणि यातलं पाणी सातपुड्यातून बोगदा काढून तापी खोऱ्यात आणायचं, अशा योजनांच्या बातम्या येत असतात. विजेत मात्र महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. सरदार सरोवराचं पाणी कालव्यातून आणि पाईपमधून कच्छपर्यंत गेलंय. कच्छमधल्या माणसाला प्यायला पाणी मिळालं याचं मला वाईट वाटत नाही, वाटूही नये. पण शेकडो किलोमीटर लांब पाईप टाकता येतो आणि जलाशयाच्या काठावरच्या टेकडीवर शंभर मीटर चढवता येत नाही, हे इंजिनीअरिंगचं अपयश आहे असं मला कुणी सांगितलं तर मी मानणार नाही. शंभर मीटर चढवणारा पंप धडगावच्या बाजारातही मिळेल.

मग इंजिनीअरिंग शिकणाऱ्या मुलांनी अशा गावात जाऊन नेमकं काय करायचं? खरं तर हा प्रश्न घेऊनच मी हा भाग करायला घेतला. परदेशी विद्यापीठांत दरवर्षी विद्यार्थ्यांचे गट कुठल्या तरी गरीब देशातल्या गावात पाणी आणि संडास या विषयावर काम करायला जातात. दोन-तीन आठवडे राहतात, टाकी किंवा फिल्टर बसवतात, फोटो काढतात, परततात. आपल्याकडचे इंटर्नशिपवाले काही फार वेगळे नाहीत. टाकी राहते. तिचा वॉशर गेला की काय, हे प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नसतं.

याला चांगलं उत्तर मला पवईत सापडलं. आयआयटी मुंबईत १९८५ पासून 'सितारा' नावाचं केंद्र आहे, ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान हा त्याचा विषय. तिथले विद्यार्थी कर्जत, शहापूरकडच्या पाड्यांवर जाऊन नळयोजनांचा अभ्यास करतात. शहापूर तालुका माहितीय ना? तानसा, भातसा, मोडकसागर, मुंबईचं पाणी तिथून येतं. आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. धडगावची गोष्ट मुंबईपासून दोन तासांवर.

या मुलांनी बंद पडलेल्या योजना उकलून बघायला सुरुवात केली, आपण बग शोधतो तशा. आणि जे सापडत गेलं त्यात सिमेंट-लोखंडापेक्षा इतर भानगडी जास्त होत्या. टाकी गावाच्या मानाने खालच्या उंचीवर, त्यामुळे वरच्या आळीला पाणीच चढत नाही. वरची आळी चिडून पाणीपट्टी भरत नाही. पट्टी नाही म्हणून वीजबिल थकतं. बिल थकलं म्हणून कनेक्शन तुटतं आणि मग खालच्या आळीचंही पाणी बंद. कुणीतरी मुख्य पाईपलाच मधे भोक पाडून नळ घेतलेला असतो, त्याच्या पुढच्यांना दाब उरत नाही. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो आणि योजना मरते.

यातूनच एक सॉफ्टवेअरही निघालं, 'जलतंत्र'. गावाचा नकाशा, घरांची उंची, पाण्याची गरज भरा, कुठल्या तुकड्याला किती व्यासाचा पाईप टाकला तर सगळ्यांना दाब मिळेल आणि खर्च कमीत कमी होईल ते सांगतं. आधी लोक जागतिक बँकेचं 'ब्रँच' नावाचं जुनाट सॉफ्टवेअर वापरायचे. जलतंत्र ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे. नारायण पेठेतल्या पीजीवर बसून फूड डिलिव्हरीचा रूट ऑप्टिमाइज करणाऱ्या माझ्यासारख्याला हे बघून थोडं ओशाळायला होतं, तो भाग सोडा.

पण चांगला आराखडा झाला तरी पाना कुणाच्या हातात, हा प्रश्न उरतोच. आणि त्याची सगळ्यात भारी गोष्ट महाराष्ट्रातलीच आहे. हापशी. साठच्या दशकात दुष्काळी भागात बोअर मारले गेले आणि त्यांवर बिडाचे हातपंप बसवले. ते पंप मुळात एका कुटुंबासाठी बनवलेले. इथे शे-दोनशे घरं पहाटेपासून रात्रीपर्यंत हापसणार. पंप धडाधड मोडले. जालन्याला आणि सोलापूरला मिशनऱ्यांच्या पाणीकामाच्या वर्कशॉपांत मग पोलादी पंप तयार झाले. सोलापूरचा पंप सगळ्यात टिकाऊ निघाला, आणि तो ज्याने बनवला तो कुठल्या कॉलेजात न शिकलेला, हाताने काम करता करता शिकलेला मेकॅनिक होता, असं सांगतात. सत्तरच्या दशकात युनिसेफ, सरकार आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीने त्याच धर्तीवर प्रमाणित पंप काढला, तो 'इंडिया मार्क टू'. आपल्या गावागावात दिसते ती हापशी. आज युगांडात 'यू टू' नावाने जो पंप चालतो तो हाच. म्हणजे युगांडातल्या गावात जाऊन 'हातपंप का बंद पडतात' यावर थिसिस लिहिणारा युरोपातला विद्यार्थी हात लावत असतो तो सोलापूरच्या त्या मिस्त्रीच्या डोक्याला. पुढे 'मार्क थ्री' आला. त्यात पाण्यात बुडालेला सिलिंडरचा भाग वरूनच ओढून काढता येतो, अख्खी पाईपलाईन उपसावी लागत नाही. बदल छोटा, पण त्यामुळे तालुक्याच्या गाडीची वाट बघण्याऐवजी गावातले दोघे-तिघे दुरुस्ती करू शकतात.

संडासाबद्दल बोलायचं राहिलं, आणि ते टाळून पाण्याबद्दल बोलणं म्हणजे अर्धवट. देहूला १९६० च्या आसपास डॉ. सुहास मापुसकर सरकारी डॉक्टर म्हणून आले. त्यांनी आधी मिळालेल्या आराखड्याप्रमाणे संडास बांधून घेतले, ते फसले आणि लोक वैतागले. मग या डॉक्टरांनी स्वतः डिझाइन शिकायला घेतलं आणि आयुष्य त्यातच घातलं. मैल्यापासून गॅस तयार करणारे संडास त्यांनी उभे केले. २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मला त्यांच्या गोष्टीतलं फसणं जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण फसल्यावर ते बदली मागून निघून गेले नाहीत.

सातपुड्याच्या उतारावर संडासाचं गणित पुन्हा हंड्यावरच येतं. ग्रामीण भागासाठीचं भांडं तीव्र उताराचं असतं, २५ ते २८ अंश, आणि त्यात पाण्याचं सील फक्त २० मिलिमीटर. त्यामुळे दीड-दोन लिटरमध्ये साफ होतं. शहरातल्या जुन्या फ्लश टाकीला दहा लागतात. तरीही हिशेब करा. घरात पाच माणसं, दिवसाला प्रत्येकी दोन वेळा, दोन लिटर. वीस लिटर. म्हणजे रोज दीड हंडा जास्तीचा, चढावरून, बाईच्या डोक्यावरून. मे महिन्यात झरा आटलेला असताना हा दीड हंडा कोण आणणार? संडास बांधूनही कुणी वापरत नसेल तर 'मानसिकता' वगैरे भाषण देण्याआधी हा गुणाकार करावा.

२०१९ पासून जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर, घरात नळ, असं ठरलंय. विखुरलेल्या पाड्यांवर यातलं जे मला सगळ्यात समजूतदार वाटतं ते म्हणजे सौर दुहेरी पंप. एकाच बोअरमध्ये खाली सौर मोटर आणि वर हापशी. ऊन असलं की मोटर टाकी भरते, ढग आले किंवा मोटर जळली तर हापसा. ज्याने कुणी हे डोकं लावलं त्याला मोटर कधीतरी जळणारच हे माहीत होतं.

बिलगावच्या यंत्राला अशी मोडतोड होऊन म्हातारं व्हायची संधीच मिळाली नाही. दहा वर्षं चाललं असतं तर बेअरिंग बदलायला लागलं असतं, वर्गणीवरून भांडणं झाली असती, कुणीतरी चोरून जास्तीचा बल्ब लावला असता, एखादा पावरा पोरगा त्या यंत्राचा मिस्त्री म्हणून पंचक्रोशीत ओळखला गेला असता. ते यशस्वी म्हणायचं की नाही, हे ठरवायचा हक्क गावाचा होता. २०१७ मध्ये धरण १३८.६८ मीटर उंचीसह पूर्ण झाल्याचा सोहळा झाला.

जाता जाता एक विनंती. २००३ मध्ये बिलगावच्या शाळेत जी मुलं पहिली-दुसरीत होती ती आज साधारण माझ्याच वयाची असणार. धडगाव, शहादा, तळोदा, किंवा गुजरातेत कुठे कामाला असणार, आणि हातात माझ्यासारखाच स्मार्टफोन असणार. त्यांच्यापैकी कुणी हे ऐकत असेल, किंवा तुमच्या ओळखीत कुणी असेल, तर आपल्या नंबरवर व्हॉइस नोट पाठवा. पावरीत, भिलोरीत, मराठीत, कशातही चालेल. दिवा लागला ती पहिली संध्याकाळ आठवते का? आणि २००६ नंतर गावात पुन्हा वीज कधी आली? ज्या महिन्यांत किंवा वर्षांत ती नव्हती, तेव्हा अभ्यास कशावर केला?